पीनाने धरलेला कान

आमच्या गल्लीत कुणी मेलं, की त्याच्या अंगावरचे शेवटचे कपडे अग्रिपीना इस्त्री करायची आणि त्याचे पैसे घ्यायची नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला भांडकुदळ म्हणाल. भांडकुदळ ती होतीच. मीही आहे. अमेरिकेत, एलिझाबेथ स्ट्रीटच्या मागच्या त्या बोळात, गरीब स्वभावाच्या बाईला नळावर पाणी मिळायचं नाही.

मी व्हेनेरा. अग्रिपीनाचं, म्हणजे आमच्या पीनाचं, आणि माझं दार समोरासमोर, एकाच मजल्यावर. नळ एक, संडास एक, आणि मागच्या अंगणावरून पलीकडच्या खांबापर्यंत कप्पीवर सरकणारी कपड्यांची दोरीही एकच. त्या दोरीवर तिच्या धुण्यातून उरेल तेवढीच जागा माझी. तिच्या मुलाला, लिबोरियोला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर घेतलं होतं, म्हणून आम्ही एकमेकींना कुम्मारी म्हणायचो. सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकता येतं, कुम्मारीशी नाही. त्यामुळे आम्ही रोज मनमोकळं भांडायचो.

तिचा नवरा शहराखालून आगगाडी न्यायचा बोगदा खणताना मातीत गेला. कंपनीच्या माणसानं येऊन टोपी काढली आणि परत घातली, एवढीच काय ती भरपाई. दुसऱ्या दिवसापासून पीनानं वरच्या भागातल्या श्रीमंतांच्या चादरी धुवायला आणल्या. माझा नवरा म्हणाला, ही महिनाभरही टिकायची नाही. नवऱ्यांना काय कळतंय? ती टिकलीच, वर असं धुणं धुवायला लागली की त्या बायका दुसऱ्या कुणाच्या हाताला चादर लावू देईनात. नीळ किती घालायची, खळ किती पातळ करायची, हे ती बोट बुडवून ठरवायची. चुलीवर इस्त्र्या तापत असायच्या, उन्हाळ्यात त्या खोलीत पाऊल ठेवलं की माझा जीव कासावीस व्हायचा. ती मात्र तिथंच उभी. बाळंतिणीसारखी लाल झालेली, आणि तोंडाचा पट्टा चालू.

या एवढ्या कष्टातून तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. लिबोरियोनं कुणासमोर मान खाली घालू नये, आणि कुणाची मान पिरगळूही नये. पहिली गोष्ट साधली. दुसरीचं अवघड होऊन बसलं, कारण पोरगा विशीत आला आणि व्हान्नीच्या नादी लागला.

व्हान्नी म्हणजे आमच्या भागाचा दादा. भाजीवाला, खाटीक, बर्फवाला, सगळे त्याचं तोंड गोड करायचे. नाही केलं तर दुकानाची काच फुटायची, मग दुकानदाराचं डोकं. दिसायला इतका नीटनेटका की अनोळखी माणसाला चर्चचा गवई वाटावा. न्हाव्याच्या दुकानाबाहेर त्याची पोरं उभी असायची, आणि एके दिवशी त्या रांगेत लिबोरियो दिसला. डोक्यावर राखाडी रंगाची नवी टोपी.

त्या दिवशी तो जेवायला घरी आला, तेव्हा पीनानं त्याच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि खळीच्या टोपात बुडवली. मग दोरीवर वाळत घातली. वाळल्यावर ती पाटासारखी कडक झाली.

"आई, वेड लागलंय का तुला?" लिबोरियो ओरडला. "नवी टोपी होती!"

"कुणी दिली?"

"व्हान्नीनं. प्रेमानं दिली."

"तुझ्या बापाच्या मयताला यायला त्याला सवड नव्हती, आणि आता टोप्यांनी प्रेम उतू चाललंय!"

"मी कुणाचं काही वाईट केलंय का? नुसता उभा राहतो."

"उभंच करतात आधी," पीना म्हणाली.

दोन दिवसांत त्याच्या डोक्यावर दुसरी टोपी आली. पीनानं ती बुडवली नाही. संध्याकाळी नळावर मला म्हणाली, "टोपी धुता येते, कुम्मारी. डोकं कसं धुऊ सांग." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी त्या दिवशी भांडले नाही, तिची बादली आधी भरू दिली.

आणि मग सिनेमावाले आले.

एक उंच साहेब आला, त्याच्याबरोबर तिपाईवर ठेवायची पेटी आणि तिचं हँडल फिरवणारा माणूस. त्यांना गुंडांचा आणि गरिबीचा सिनेमा काढायचा होता आणि खरी गल्ली हवी होती. आमच्या गल्लीत व्हान्नीला विचारल्याशिवाय मांजर व्यायची नाही, त्यामुळे साहेबानं त्याच्याशी बोलणं केलं. व्हान्नीला इंग्रजी यायचं. तोच दुभाष्या झाला, तोच मुकादम, आणि सिनेमात गुंडांचा म्होरक्याही तोच. सोंग घ्यायची मेहनतच नको. त्यानं गल्लीत निरोप फिरवला, उद्या सकाळी सगळ्यांनी खाली या, तुमची चित्रं काढणार आहेत.

आता आमच्यात चित्र काढणं म्हणजे काय, ते त्या साहेबाला कुठून ठाऊक असणार? चित्र म्हणजे ते समुद्र ओलांडून गावी, मिनेओला, आईच्या भिंतीवर जाणार. शेजारणी बघायला येणार. अमेरिकेत गेलेली लेक पोट भरून जेवते की नाही, हे त्या चित्रावरून ठरणार. म्हणून उपाशी राहू, पण चित्राला उभं राहताना घड्याळ लावू, स्वतःचं नसेल तर दुसऱ्याचं. त्या संध्याकाळी अख्खी गल्ली इस्त्रीसाठी पीनाच्या दारात. माझी मखमलीची चोळी तिनं इस्त्री केली. आणि खालच्या मजल्यावरची इत्रिया आपल्या नवऱ्याचा लग्नातला सूट घेऊन आली.

इत्रिया विधवा, घरी बसून पँटींना अस्तरं लावायची. बोलणं कमी, डोळे अधू. तिचा एकुलता एक मुलगा सारो, लिबोरियोच्याच वयाचा, बर्फाच्या गाडीवर काम करायचा. सज्जन पोर. हसला की सगळे दात दिसायचे, आणि तो सारखा हसायचा.

"बापाचा सूट बसेल ना गं त्याला, पीना?" इत्रियानं विचारलं.

"बसेल म्हणजे? नवरदेव दिसेल," पीना म्हणाली. तिनं त्या पँटीची घडी अशी पाडली की तिच्यावर लिंबू कापावं.

सकाळी साहेब गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि बघतच राहिला. पिसांच्या टोप्या, रेशमी रुमाल, घड्याळाच्या साखळ्या, बाप्तिस्म्याच्या झालरी घातलेली तान्ही. खाटकानं मिशीला मेण लावलेलं. पीना तिच्या काळ्या रेशमात, कानात आईनं दिलेले सोन्याचे डूल, अशी की मला दोन क्षण ओळखू येईना. गरिबी टिपायला आलेल्या माणसाला सबंध गल्लीत एक गरीब सापडेना.

त्यानं कपाळावर हात मारला. व्हान्नी हसत हसत आम्हाला सांगायला लागला, "साहेब म्हणतो, हे सगळं काढा. रोजचे कपडे घालून या. फाटके असतील तर उत्तम."

"फाटके?" पीना कडाडली. "माझी आई बघणार ते! त्याला विचार, त्याची आई त्याला पोतेऱ्यात बघते का?"

"मावशी, हे गावी जायचं चित्र नाही. हा सिनेमा आहे."

"मग मला कशाला उठवलंत?"

तरी सगळे कुरकुरत घरी गेले, कारण साहेब दिवसाचे पैसे देत होता. पीनाही गेली आणि धुण्याचा ओला एप्रन बांधून आली. न बदलता राहिला तो एकटा सारो. त्याच्याकडे दुसरी धड पँटच नव्हती, आणि असती तरी आईनं हौसेनं घातलेला सूट तो काढता ना. साहेब त्याच्याकडे बघून खूश झाला. व्हान्नीला काहीतरी बोलला आणि व्हान्नीनं सारोच्या पाठीवर थाप मारली. "हा साहेबाला गुंड शोभतोय. चल रे, आमच्यात उभा राहा." सारोला कोण आनंद झाला!

मग व्हान्नीनं पीनाला बोलावलं. लिबोरियो शेजारीच उभा होता.

"मावशी, तुमचं सोपं काम आहे. बोचकं घेऊन इथून चालत यायचं. हा येणार, तुम्हाला ढकलणार, बोचकं घेऊन पळणार. तुम्ही जमिनीवर बसून रडायचं."

"हा? लिबोरियो?"

"साहेबाला कुठं माहीत तुम्ही मायलेक आहात ते? नाटकच तर आहे."

साहेबाला माहीत नव्हतं, ते खरं. व्हान्नीला माहीत होतं. गल्लीत इतकी पोरं असताना त्यानं लिबोरियोला निवडलं, ते का, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. सगळ्यांसमोर आईला ढकलणारा पोरगा पुढे कुणालाही ढकलेल. पीनाचे डोळे बारीक झाले, म्हणजे तिलाही कळलं होतं.

"आणि मी रडले, की कोण धावून येतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, मावशी. हीच तर गोष्ट आहे."

पहिल्या खेपेला, पेटी बंद असताना, लिबोरियोनं बोचक्याला नुसतं बोट लावलं. त्याचा चेहरा पडला होता. साहेबानं हात झटकले. व्हान्नी दात आवळून म्हणाला, "पाहुणचार करतोयस का? ढकल! का आईच्या पदराखाली जायचंय अजून?" मागची पोरं फिदीफिदी हसली. लिबोरियोचे कान लाल झाले.

पेटीचं हँडल फिरायला लागलं. पीना चालत आली. आणि त्यानं ढकललं, खरंच ढकललं. ती गुडघ्यांवर पडली, बोचकं सुटलं, आणि आत खऱ्या चादरी होत्या. त्या दुपारी पोचवायच्या, नीळ घातलेल्या, इस्त्री केलेल्या. त्या घोड्यांच्या लिदीत आणि चिखलात पसरल्या.

पीनानं एक क्षण चादरींकडे पाहिलं. मग ती उठली. रडायचं होतं ते राहिलं बाजूला, तिनं दोन ढांगांत लिबोरियोला गाठलं आणि त्याचा कान धरला. नुसता धरला नाही, पिळला, जसा चादरीचा कोपरा पिळतात. तो वाकला. टोपी पडली. तशा वाकलेल्या अवस्थेत तिनं त्याला गल्लीभर ओढत आणलं, पेटीच्या अगदी नाकासमोरून, आणि तोंडानं काय काय म्हणत होती ते सिनेमाला आवाज नसल्यामुळे बरंच झालं. गल्ली हसून हसून गडाबडा लोळायची बाकी राहिली. खाटीक भिंतीला टेकला. गुंडांच्या रांगेतला सारो पोट धरून हसत होता. एकटा व्हान्नी हसत नव्हता. आणि साहेब हँडलवाल्याच्या खांद्यावर थापा मारत ओरडत होता, थांबू नकोस म्हणून.

जिन्यात लिबोरियोनं कान सोडवून घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, तू माझी अब्रू घालवलीस," तो म्हणाला.

"घालवली," पीना म्हणाली. "अशी घालवली की व्हान्नीला ती परत आणून देता येणार नाही. जा, तोंड धू."

त्याच दिवशी तिनं त्या चादरी पुन्हा धुतल्या. गुडघ्यातून रक्त येत होतं. मी न सांगता दुसरं टोक धरून पिळू लागले, आणि ती न बोलता पिळू देत होती.

सिनेमा आला तेव्हा थंडी पडायला लागली होती. आमचा हॉल म्हणजे पूर्वीचं मासळीचं दुकान, पडद्यावरची राजकन्यासुद्धा तिथं बांगड्याचा वास मारायची. मालक बाजूला उभा राहून इंग्रजी पाट्यांचा अर्थ आमच्या बोलीत ओरडून सांगायचा. साहेबानं सिनेमात तो कान पिळल्याचा तुकडा ठेवला होता, आणि तो आला की हॉलची कौलं उडायची वेळ यायची. लोक पुन्हा पुन्हा तेवढ्यासाठी यायचे. लिबोरियो रस्त्यानं निघाला की पोरंटोरं आपापला कान धरून वाकडी चालायची. तो कुणाच्या दुकानात दम द्यायला गेला असता, तर दुकानदारानं हसत त्याच्या आईची खुशाली विचारली असती. अशा गुंडाचा व्हान्नीला काय उपयोग? त्यानं टोपी परत मागितली आणि म्हणाला, "जा, आईचं धुणं पोचव."

लिबोरियो धुणं पोचवायला लागला. पीनाशी मात्र अवाक्षर बोलेना. ती ताट वाढायची, तो खायचा आणि उठायचा. मी म्हटलं, "कुम्मारी, पोरगा तुझा तिरस्कार करतोय." ती म्हणाली, "करू दे. तिरस्कार करायला जिवंत तर आहे." मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला वाटलं, ही बाई माझी कुम्मारी आहे हे माझं भाग्य.

पण रांगेतली रिकामी जागा व्हान्नीनं भरली. सारोला उभं करून. सिनेमात तो सूट घालून इतका रुबाबदार दिसला होता, की व्हान्नीनं त्याला बर्फाच्या गाडीवरून उतरवलं. इत्रियाला कळलंच नाही. पोराला चांगली नोकरी लागली, असंच ती सांगत राहिली. पीना तिला सांगायला दोनदा गेली. इत्रिया म्हणाली, "माझा सारो? अगं तो मुंगी मारत नाही." ती सिनेमालाही आली नव्हती. पँटींचा ढीग पडला होता. आम्ही बोलावलं तर म्हणाली, "नंतर बघेन. कुठं पळून चाललाय तो? घरातच तर आहे."

नाताळच्या आधी एका नाचाच्या हॉलच्या दारात दुसऱ्या टोळीनं गोळ्या घातल्या. व्हान्नी वाचला. त्याच्या पुढे चालणारा सारो गेला.

लिबोरियो ती बातमी घेऊन घरी आला. दारातच उभा राहिला. पीनानं त्याच्याकडे पाहिलं, तो पुढे आला आणि तिच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला. "आई, तिथं मी चालत असतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मग पीना खाली गेली आणि इत्रियाकडून तो सूट घेऊन आली. रक्त धुतलं, भोक रफू केलं, आणि त्याच सुटाला दुसऱ्यांदा इस्त्री केली. मी दारातून बघत होते. पँटीची घडी पाडताना तिचा हात थांबला. "मीच म्हणाले होते, नवरदेव दिसेल म्हणून," ती म्हणाली. मी चुलीवरची दुसरी इस्त्री तिच्या हाताशी आणून ठेवली.

त्यानंतर इत्रियाचं धुणं पीनाच धुवायची. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दोरीवर तिच्या चादरींच्या शेजारी आता सगळं काळं वाळत असायचं.

हिवाळा सरता सरता हॉलच्या मालकानं तो सिनेमा परत आणला. इत्रियाच्या कानावर गेलं. तिनं पीनाला विचारलं, "त्यात माझा सारो आहे म्हणतात. हलतो म्हणतात."

आमच्यात सुतक धरलेली आई दारात उभी राहून बँड ऐकत नाही. ती सिनेमाला गेली, तर गल्ली आयुष्यभर तोंडसुख घेईल. मी तसं म्हटलं. पीना माझ्यावर उसळली. "कबरीवर जाताना आपण गल्लीला विचारतो का? मग? तिथं तर तो नुसता पडलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती इत्रियाचा हात धरून निघाली. दोघी नखशिखांत काळ्या. पीनाच्या अंगावर तेच काळं रेशीम, जे आईला दाखवायचं राहून गेलं होतं. मी पाठोपाठ गेले, हातात मीच घरी बनवलेली कागदाची फुलं, का घेतली कोण जाणे. लिबोरियोनं पुढची बाकं रिकामी करून घेतली, इत्रियाला लांबचं दिसत नाही म्हणून. हॉलमध्ये सगळी गल्लीच होती. आम्हाला बघून पुरुषांनी टोप्या काढल्या. मालकानं त्या दिवशी पाट्या ओरडून सांगितल्या नाहीत.

आणि तो तुकडा आला. पडद्यावर पीना पडली, चादरी पसरल्या, तिनं कान धरला. एरवी इथं छप्पर उडायचं. कुणी हूं की चूं केलं नाही. फक्त पडद्यावर चित्र टाकणाऱ्या यंत्राची खरखर ऐकू येत होती. पडद्यावर मागच्या रांगेत सारो पोट धरून हसत होता, सगळे दात दिसत होते, पँटीची घडी सरळ.

इत्रिया बाकावरून पुढे वाकली होती. तिनं मागं वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"गप्प का बसलात?" ती म्हणाली. "हसा ना. माझा सारो हसतोय."

कुणाला हसता येईना. मग पीना हसली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मोठ्यानं हसत होती, इत्रियाचा हात घट्ट धरून. मग मागून खाटीक हसला, मग मी.